परीक्षा कुणाच्या अंगावर?

आमच्या चुलत्यांकडे ठासणीची बंदूक होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांत अशा बंदुका घरटी नसल्या तरी वाडीगणिक एखादी असायची. पिकाच्या राखणीसाठी सरकार परवाना देई. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीची बंदूक आणि पीकसंरक्षण यांचा उल्लेख एकत्रच आला आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग शिशाची गोळी, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजाने ठासायचे. कानावर टोपी चढवली की बार तयार. गोळ्या चाचा घरीच ओतत. शिसे कधी मासेमारीच्या जुन्या जाळ्याला बांधलेले, तर कधी ट्रकच्या निकामी बॅटरीतले. एका गोळीचे वजन किती, दारू किती, चाळीस पावलांवर ती गोळी नेमके काय करते, याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नव्हता. वर्षातून एकदा आंब्याच्या खोडावर बार टाकून पाहिला की त्यांचे समाधान होई.

२००१ च्या ऑक्टोबरात आम्ही चौथीत होतो. भात कापणीला आले होते आणि डुकरांचा कळप सलग तीन रात्री शेतात उतरला होता. चौथ्या रात्री चाचांनी माळ्यावरून, बॅटरीच्या उजेडात बार टाकला. एक नर कोसळला, उठला आणि करवंदीच्या जाळीत घुसला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९९१ साली त्यात झालेली दुरुस्ती, वनखात्याची परवानगी, यांतले काहीही त्या रात्री आमच्या घरात कुणी बोलले नाही. परवाना बंदुकीचा होता, डुकराचा नव्हता. हे आज लिहिताना संकोच वाटतो, पण लपवून पुढचे काही सांगता येणार नाही.

त्यानंतर तीन रात्री त्या जाळीतून आवाज येत होता. बॅटरी घेऊन आत शिरायची कुणाची छाती झाली नाही. जखमी नर अंगावर येतो हे सर्वांना माहीत होते. आमची दादी त्या जनावराचे नावसुद्धा घरात उच्चारू देत नसे, ‘रानातलं’ म्हणे. तिसऱ्या रात्री ती अंथरुणावर उठून बसली आणि म्हणाली, “अल्ला, त्याला आता मोकळं कर.” चाचा ओटीवरून म्हणाले, “अम्मी, ते काय आहे ते माहीत आहे ना तुला?” दादी म्हणाली, “माहीत आहे. जीव आहे.”

चौथ्या दिवशी ते पऱ्याच्या कडेला मेलेले सापडले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या एका गड्याने कोयत्याने खांदा चिरून गोळी काढली. ती फुप्फुसांपर्यंत पोचलीच नव्हती. नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट असे कवच असते. ते भेदताना गोळी पसरली, खांद्याचे हाड मोडून तिथेच चपटी होऊन बसली. चाचांनी ती हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, “दारू कमी पडली.” पुढच्या वेळी मात्रा वाढवायची असे ठरले.

म्हणजे चाचणी झाली होती, निष्कर्षही निघाला होता. चाचणीचे साधन मात्र डुक्कर होते.

ही गोष्ट इतक्या वर्षांनी आठवायचे कारण असे की, अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीने शिकार करणारे लोक आपल्या गोळ्यांची परीक्षा कशी घेतात, हे अलीकडे आमच्या वाचनात आले. तिकडे अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी या जुन्या बंदुकांचा स्वतंत्र हंगाम ठेवलेला असतो. पेनसिल्व्हेनियात तर १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीचा खास हंगाम आहे. एका वेळी एकच गोळी, दुसरा बार भरायला निदान अर्धा मिनिट. पहिली गोळी चुकली तर जनावर सुटते. पण अर्धवट लागली तर ते आमच्या डुकरासारखे जाळीत शिरते. म्हणून त्यांतले विचारी लोक हंगामाआधी महिनाभर कामाला लागतात. पाण्याने भरलेले दुधाचे प्लॅस्टिकचे डबे एकामागे एक मांडतात, किंवा जुनी वर्तमानपत्रे रात्रभर भिजवून त्यांचे गठ्ठे बांधतात. पुढे कधी चामड्याचा तुकडा, कधी गुराचे हाड ठेवतात. पंचवीस, पन्नास, शंभर यार्डांवरून गोळी झाडतात आणि ती कितव्या डब्यात थांबली ते मोजतात. मग ती शोधून काढून तिची रुंदी आणि उरलेले वजन वहीत लिहितात.

आम्ही शाळेत विज्ञानही शिकवतो, त्यामुळे या वहीत आम्हांला रस वाटला. मामला असा आहे की, गोळीकडून दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या वैरी आहेत. गोळी आत गेल्यावर पसरली पाहिजे, म्हणजे जखम रुंद होते, रक्त लवकर वाहते आणि जनावर लवकर मरते. आणि ती खोल गेली पाहिजे, म्हणजे हृदय-फुप्फुसांपर्यंत पोचते. पण जितकी पसरते तितका अडथळा वाढतो आणि तितकी लवकर थांबते. निव्वळ शिसे मऊ असते, ते पसरते. त्यात अँटिमनी मिसळलेली असली तर ते कठीण होते. अशी गोळी न पसरता आरपार जाते, मागे सुईसारखे भोक ठेवून. जनावर मैलभर पळते आणि कुठेतरी एकटे मरते. जुन्या बॅटरीतल्या शिशात अँटिमनी असते. म्हणजे चाचांच्या डब्यात दोन वेगळ्या स्वभावांच्या गोळ्या एकत्र पडलेल्या होत्या आणि रात्री अंधारात जी हाती येईल ती नळीत जात होती.

त्यात अंतराची भर. अर्ध्या इंच व्यासाच्या नळीतली गोल गोळी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास असते. गोल आकाराला हवेचा अडथळा फार. शंभर यार्डांवर तिचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. नववीच्या आमच्या मुलांना विचारले की रफ्तार निम्मी झाली तर तवानाई किती, तर निम्मा वर्ग ‘निम्मी’ म्हणतो. फळ्यावर सूत्र मांडले की चूक कळते : चौथाई. फळ्यावर ही चूक दोन गुणांची असते.

पाण्याचे डबे हे गरिबाचे साधन झाले. पाण्यात गोळी मांसापेक्षा जास्त पसरते, हे ते चाचणी घेणारेही जाणतात. याहून काटेकोर साधन म्हणजे जिलेटीनचा ठोकळा. मार्टिन फॅकलर हे व्हिएतनाम युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया केलेले लष्करी डॉक्टर. त्यांनी १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील लष्करी संशोधन संस्थेत हे तंत्र पक्के केले. दहा टक्के जिलेटीन, चार अंश सेल्सिअस तापमान. आधी एक लहान पोलादी छर्रा ठरावीक वेगाने मारून पाहायचा. तो साडेआठ सेंटिमीटरांच्या आसपास थांबला तरच ठोकळा चाचणीला लायक. परीक्षेआधी मोजपट्टीचीच परीक्षा! आम्ही बी.एड.ला मूल्यमापनाचा एक अख्खा पेपर दिला, पण प्रश्नपत्रिकाच आधी तपासून घ्यावी हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे आम्हांला तिथे कळले नव्हते.

आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाले, “मारायचेच आहे तर दयेचे नाटक कशाला? गोळी पारखून मारली काय आणि न पारखता मारली काय, जनावर मेले ना?” आक्षेप साधा आहे, पण झटकून टाकण्यासारखा नाही. ज्याला मारणेच अमान्य आहे त्याने न मारावे, त्याच्याशी आमचा वाद नाही. पण जो मारणार आहे, किंवा ज्याच्या वतीने कुणी मारते आहे, त्याच्यापुढे एक दुसरा प्रश्न उरतोच. त्या वर्षी वाचलेला तांदूळ आम्ही सर्वांनी खाल्ला. दादीनेही.

‘मेले ना’ या दोन शब्दांत किती वेळ मावतो? दहा सेकंदही मावतात आणि चार दिवसही. सहकाऱ्यांच्या हिशेबात दोन्ही सारखे आहेत. आमच्या मते नीतीचा पुष्कळसा भाग या दोहोंच्या मधल्या अवकाशातच राहतो.

इथे आमच्या परंपरेतल्या काही गोष्टी आठवतात. जनावर कापायचे तर सुरी आधी धारदार करा, त्याचे हाल कमी करा, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपल्याकडे बकरी ईदला दरवर्षी सांगितली जाते. तिथे सुरुवात ‘प्रत्येक गोष्टीत’ भलेपणा करण्याच्या हुकमाने होते, हे मात्र आपण पुष्कळदा विसरतो. जे हलाल आहे तेवढ्यापुरतेच भले वागा, असे तिथे म्हटलेले नाही. हराम जनावराच्या हालांचा हिशेब कोण ठेवतो, असा प्रश्न चाचांच्या बोलण्यात होता. दादीने त्याला दिलेले उत्तर तिने कुठल्या किताबात वाचले नव्हते. तिला वाचता येत नव्हते.

दुसरी गोष्ट खड्यांची. बोटांत धरून खडा उडवण्याची पोरांना सवय असते. हदीसमध्ये त्याला मनाई आली आहे, आणि दिलेले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. अशा खड्याने शिकार होत नाही, शत्रूही हटत नाही. दात मात्र तुटतो, डोळा फुटतो. म्हणजे जे अस्त्र आपले काम करायला अपुरे आहे आणि इजा करायला पुरेसे आहे, ते वापरू नका. चाचांची ती गोळी नेमकी अशीच होती. आमच्या शाळेच्या मागच्या कुंपणाजवळ मुले गुलेल घेऊन साळुंक्यांच्या मागे लागतात तेव्हा आम्ही हीच गोष्ट सांगतो. ती ऐकतात, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा खिशात खडे असतात.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. हजरत इब्न उमर एकदा जात असताना काही लोक कोंबडी बांधून तिच्यावर नेम धरत होते. त्यांना पाहताच ते पांगले. इब्न उमर म्हणाले की, जीव असलेल्या वस्तूला निशाणा करणाऱ्याचा पैगंबरांनी धिक्कार केला आहे. आजवर आम्ही ही गोष्ट खेळ म्हणून जनावर मारण्याच्या विरोधात वाचत होतो. पण नेमबाजीचा सराव म्हणजे शेवटी काय? आपला हात, आपले हत्यार काय करू शकते हे पाहणेच ना? ते पाहायला जीव वापरू नका, एवढा त्याचा साधा अर्थ आहे. मग ज्याने भिजल्या कागदावर किंवा पाण्याच्या डब्यावर काही पाहिले नाही आणि थेट रानात जाऊन बार टाकला, त्याने वेगळे काय केले? कोंबडी बांधलेली नव्हती, इतकेच. चाचणी टाळता येत नाही. आपण ती आधी घेतली नाही, तर ती जनावराच्या अंगावर आपोआप होते.

आमच्या फकिहांनीही या शिशाच्या गोळीवर बराच विचार केलेला आहे. ‘बुंदुक’ म्हणजे अरबीत मुळात एक कवचीचे फळ; त्यावरून धनुष्याने मारायची मातीची गोळी, आणि तिच्यावरून पुढे आपली बंदूक. बाणाच्या बाबतीत जुना नियम असा की, टोकाने लागून मेले तर ती शिकार हलाल, दांड्याच्या आघाताने मेले तर नाही. कारण ते ठेचून मेलेले. मग शिशाच्या गोळीचे काय? दमिश्कचे इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) आणि येमेनचे शौकानी (मृत्यू १८३४) हे एकाच काळातले विद्वान. दोघांच्याही काळातली बंदूक आमच्या चाचांच्याच जातीची, ठासणीची. इब्न आबिदीन म्हणाले, गोळीला धार नाही, ती जोराने आणि भाराने मारते. म्हणून ती शिकार जायज नाही. शौकानी म्हणाले, ती भेदून जाते; म्हणून जायज. आपल्याकडच्या हनफी उलेमांनी साधारणपणे पहिलाच मार्ग धरला : गोळी लागलेले जनावर जिवंत हाती आले आणि जबह केले तरच हलाल. पुढे काहींनी टोकदार गोळीचा वेगळा विचार केला.

आम्ही मुफ्ती नाही आणि या वादात पडत नाही. पण कापते की ठेचते, शिरते की थांबते, हा तोच प्रश्न आहे जो तिकडे ती माणसे डबे मांडून विचारतात. फॅकलर यांच्या मोजणीत दिसते ते असे की, गोळी आपल्या वाटेतले मांस चिरडते आणि आजूबाजूचे ताणते. सुरीसारखे कापत नाही. इब्न आबिदीन यांना जिलेटीन मिळाले नव्हते.

आता याची दुसरी बाजू. ज्ञान पाण्याच्या डब्यापाशी थांबत नाही. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तक्रार केली की, नवी कवचबंद गोळी पठाणांच्या आरपार जाते आणि ते चालतच येतात. तेव्हा कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात गोळीचे टोक उघडे ठेवून शिसे पसरेल अशी युक्ती केली गेली आणि १८९७-९८ मध्ये तिराहच्या डोंगरांत आफ्रिदींवर ती चालली. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांना युद्धात बंदी आली. ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद असा होता की, सुधारलेला सैनिक जखमी झाला की मागे हटतो, रानटी माणूस हटत नाही. म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. ब्रिटनने ती बंदी १९०७ मध्ये मान्य केली. त्या वादात ट्यूबिंगनचे प्राध्यापक ब्रुन्स यांच्या चाचण्यांचा मोठा गाजावाजा झाला. त्यांनी दमदमची गोळी न वापरता शिकारीची, जास्त शिसे उघडे असलेली गोळी वापरली होती, अशी ब्रिटिशांची तक्रार होती. चाचणीच्या नावाखाली खोटेही बोलता येते, ते असे.

१९०४ साली शिकागोच्या कत्तलखान्यात अमेरिकी सैन्याच्या थॉम्पसन आणि ला गार्ड या अधिकाऱ्यांनी पिस्तुलाच्या गोळ्यांची तुलना जिवंत गुरांवर आणि माणसांच्या मृतदेहांवर केली. काही गुरे इतकी रेंगाळली की शेवटी हातोड्याने मारावी लागली. हे सारे कशासाठी? तर फिलिपाइन्समधील मोरो लढवय्ये सैन्याच्या जुन्या पिस्तुलाला दाद देत नव्हते म्हणून. तिराहचे आफ्रिदी आणि मिंदनावचे मोरो हे दोघेही मुसलमान होते, ही नोंद आम्ही फक्त नोंद म्हणून करतो. मोजणाऱ्याच्या लेखी ते अडथळ्याचे एक माध्यम होते.

गंमत अशी की, माणसावर जी गोळी हेगने निषिद्ध ठरवली तीच हरणावर वापरा, असा इंग्लंडचा १९९१ चा कायदा सांगतो. वरवर पाहता हा विरोध वाटतो, तसा तो नाही. युद्धात, निदान कागदावर, शत्रूला निकामी करणे एवढाच हेतू असतो. तो वाचला तर वाचू द्यावा. शिकारीत मरण ठरलेलेच आहे, फक्त किती वेळात हे ठरायचे आहे. तीच पसरणारी गोळी एका ठिकाणी क्रौर्य होते, दुसऱ्या ठिकाणी त्यातल्या त्यात दया. पण हा भेद शिशाला कळत नाही. तो बंदूक धरणाऱ्याला कळावा लागतो, आणि कळल्याचा पुरावा त्याच्या हेतूच्या घोषणेत नसतो. रेंजबाहेरचे जनावर दिसले तर त्याने नळी खाली केली की नाही, यात असतो. उत्तम निकाल लागलेली गोळी खिशात असली की माणूस दीडशे यार्डांवरून बार टाकायला धजावतो, हाही धोका आहेच. पास झालेला विद्यार्थी पुस्तक मिटून ठेवतो, तसे.

आणखी एक गोष्ट आम्हांला टोचते. जिलेटीन मांसासारखे वागते हे ठरवायचे तर आधी मांसावर पाहावे लागते. फॅकलर यांच्या प्रयोगशाळेत त्यासाठी भूल दिलेल्या डुकरांच्या मांडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. हे जिलेटीनही डुकराच्या कातडीपासूनच बनते. म्हणजे ज्या निर्जीव ठोकळ्याच्या भरवशावर आम्ही इतका वेळ बोलत आहोत, त्याच्या तळाशीही ते जनावर आहेच. भूल दिली होती, हा फरक लहान नाही. पण हिशेब शून्य होतो, असे आम्हांला म्हणवत नाही.

चाचांनी बंदूक काही वर्षांपूर्वी पोलीस ठाण्यात कायमची जमा केली. दर निवडणुकीला नेऊन द्या, परत आणा, याला ते कंटाळले होते. गावाला गेलो तेव्हा आम्ही त्यांना हे डब्यांचे आणि भिजल्या कागदांचे सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “एवढं सोपं होतं?” थोड्या वेळाने आत गेले आणि अडकित्त्याच्या डब्यातून ती चपटी गोळी घेऊन आले. इतकी वर्षे त्यांनी ती का ठेवली होती ते आम्ही विचारले नाही.

ती आम्ही शाळेत नेली. प्रयोगशाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरने तिची रुंदी भरली २३ मिलिमीटर, तराजूत वजन भरले १०.२ ग्रॅम. वहीत तारीख घालून लिहिले. अंतर : सुमारे चाळीस पावले. दारू : माहीत नाही. खोली या रकान्यात काय लिहावे याचा विचार करत असताना नववीतली दोन मुले दारात येऊन उभी राहिली. त्यांतला एक पुढे वाकून म्हणाला, “सर, ये क्या है?”

“सीसा है, बेटा,” आम्ही म्हणालो आणि कॅलिपर त्याच्या हाती दिला.